ग्रेट ॲलेघेनी पॅसेज : जुन्या रेल्वेमार्गावरील पदयात्रेचे नियोजन

आपल्या मंडळातील बऱ्याच कुटुंबांची मुले-मुली अमेरिकेत आहेत आणि आपण आईवडील तिकडे चार-सहा महिने राहून येतो. पहिला महिना नातवंडांत जातो. नंतर मुले कामावर, नातवंडे शाळेत आणि आपण खिडकीशी. तिथली गाडी आपल्याला चालवता येत नाही, त्यामुळे कुठे जायचे म्हटले की शनिवार-रविवारची वाट पाहावी लागते. अशा मुक्कामात स्वतःच्या पायांनी आणि स्वतःच्या गतीने करता येईल असा एक प्रवास आहे. त्याची माहिती एका ठिकाणी असावी म्हणून हा लेख लिहिला आहे.

पिट्सबर्ग ते कंबरलंड हा जुन्या रेल्वेमार्गांवर तयार केलेला पायी व सायकलचा रस्ता म्हणजे ग्रेट ॲलेघेनी पॅसेज. त्याचे दोन तुकडे आम्ही उभयतांनी दोन वेगवेगळ्या वर्षी चालून पाहिले. पहिल्या वेळी फजिती झाली, दुसऱ्या वेळी सर्व नीट पार पडले. रस्ता तोच होता आणि आमची वये एका वर्षाने वाढलेलीच होती. फरक फक्त नियोजनाचा होता.

थोडक्यात माहिती

- सुरुवात व शेवट : पेनसिल्व्हेनिया राज्यातील पिट्सबर्ग आणि मेरीलंड राज्यातील कंबरलंड.
- लांबी : १५० मैल, म्हणजे सुमारे २४० किलोमीटर.
- पृष्ठभाग : बहुतेक ठिकाणी चुनखडीची दाबलेली बारीक खडी, पिट्सबर्गच्या आसपास डांबर.
- वाहने : मोटारी व मोटारसायकलींना बंदी. पायी चालणारे आणि सायकलस्वार एकाच रस्त्याने जातात.
- शुल्क : नाही. परवानाही लागत नाही.
- सर्वात उंच जागा : २,३९२ फूट (७२९ मीटर).
- मैलाचे दगड : कंबरलंडला शून्य, तिथून पिट्सबर्गकडे आकडे वाढत जातात.

दगडांवर मैल असतात आणि आपल्या डोक्यात किलोमीटर. ५ मैल म्हणजे ८ किलोमीटर एवढे लक्षात ठेवले की पुरते.

हा रस्ता सोपा का आहे

लोखंडी रुळावर लोखंडी चाक चढावर घसरते. म्हणून रेल्वे बांधणारे इंजिनिअर चढ फार जपून देतात. डोंगर आडवा आला तर बोगदा खणतात, दरी आली तर पूल बांधतात, नाही तर नदीच्या काठाकाठाने वळणे घेत जातात. आपल्या बोरघाटात गाडी ३७ मीटर अंतरात एक मीटर चढते, तर तेवढ्यासाठीसुद्धा मागे जादा इंजिन लावावे लागते. रूळ काढून टाकले तरी तो मंद चढ जमिनीत तसाच राहतो आणि त्याचा फायदा आपल्या गुडघ्यांना होतो.

कंबरलंडहून सर्वात उंच जागेपर्यंत सुमारे ३८ किलोमीटरांत साधारण ५४५ मीटर चढ आहे, म्हणजे शंभर मीटर चालल्यावर दीड मीटरही पुरता नाही. पलीकडे पिट्सबर्गपर्यंत दोनशे किलोमीटरांत पाचशे मीटर उतार आहे. तो पायांना कळतही नाही. पावागडाच्या पायऱ्या ज्यांनी चढल्या आहेत त्यांना या रस्त्यावर दम लागणार नाही.

मात्र यातच एक फसगत आहे. दम लागत नाही म्हणून माणूस अंतर जास्त धरतो. डोंगरात चढ-उताराने पावले बदलत राहतात. इथे दिवसभर तेच पाऊल, तोच कोन आणि बुटाच्या त्याच जागेवर तेच घर्षण. त्यामुळे आधी तक्रार करतात ती पावले, छाती किंवा मांड्या नव्हेत. या रस्त्याचे नियोजन चढावर नाही तर अंतरावर करावे. हा लेख वाचून एवढी एकच गोष्ट लक्षात राहिली तरी चालेल.

थोडा इतिहास

कंबरलंड ते कॉनेल्सव्हिल हा भाग वेस्टर्न मेरीलंड रेल्वेचा होता. तो १९१२ साली सुरू झाला आणि १९७५ मध्ये बंद पडला. कॉनेल्सव्हिलपासून पिट्सबर्गकडचा बराच भाग पिट्सबर्ग अँड लेक एरी या कंपनीचा. दोन्ही मार्गांवर प्रामुख्याने कोळसा, कोक आणि पोलाद यांची वाहतूक होई. कॉनेल्सव्हिलच्या कोक-भट्ट्यांवर पिट्सबर्गचे पोलाद कारखाने चालत. कारखाने बसले तशा गाड्याही बसल्या.

बंद पडलेली रेल्वे म्हणजे लांबलचक, अरुंद जमीन. तिचे तुकडे होऊन ती आजूबाजूच्या शेतांत, घरांत विरून गेली की पुन्हा सलग मिळत नाही. अमेरिकेत १९८३ साली कायद्यात दुरुस्ती करून एक सोय केली गेली. रेल्वे कंपनीला मार्ग नको असेल तर तो मोडून न टाकता सलग पट्टा म्हणून राखून ठेवायचा आणि तोवर तिथे पायवाट करायची. पुढे कधी गरज पडली तर पुन्हा रूळ टाकता येतात. या व्यवस्थेला तिकडे 'रेलबँकिंग' म्हणतात. आयुष्य बँकेत गेलेल्या माणसाला हा शब्द आवडला नसता तरच नवल! ही जमिनीची मुदत ठेवच झाली.

ग्रेट ॲलेघेनी पॅसेजचे सगळे तुकडे काही या कायद्याने आले नाहीत. निरनिराळ्या संस्थांनी आणि गावांनी ते एकेक करून मिळवले. ओहायोपाइलजवळचा पहिला तुकडा १९८६ मध्ये खुला झाला आणि पिट्सबर्गपर्यंतचा शेवटचा २०१३ मध्ये. मधली सत्तावीस वर्षे स्थानिक स्वयंसेवकांनी खडी पसरली, पूल दुरुस्त केले, देणग्या गोळा केल्या.

कोणत्या महिन्यात जावे

एप्रिलअखेर ते जूनच्या मध्यापर्यंत आणि सप्टेंबर ते ऑक्टोबरअखेर हे दोन काळ उत्तम. ऑक्टोबरच्या मध्याला झाडांची पाने तांबडी-पिवळी होतात. त्या दिवसांत राहण्याच्या खोल्या लवकर भरतात, म्हणून आरक्षण दोन-तीन महिने आधी करावे. जुलै-ऑगस्टमध्ये दमट उकाडा असतो.

हिवाळ्यात जाऊ नये. थंडी आणि बर्फ आहेच, शिवाय वाटेतला सर्वात लांब बोगदा, बिग सॅव्हेज, साधारण डिसेंबर ते एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत दारे लावून बंद ठेवतात. तो बंद असताना डोंगरावरून पर्यायी पायवाट नाही. नोव्हेंबरअखेरपासून हरणांच्या शिकारीचा हंगाम असतो, त्या दिवसांत आसपासच्या जंगलात बंदुका चालतात. शरद ऋतूत कधीही गेलात तरी भडक नारिंगी टोपी किंवा जाकीट घालावे.

दिवसाची लांबीही बघावी. ऑक्टोबरच्या मध्यात साडेसहाच्या सुमारास सूर्यास्त होतो आणि दरीत त्याआधीच अंधारून येते.

गावे व अंतरे

कंबरलंडकडून पिट्सबर्गकडे जाताना प्रमुख गावे अशी लागतात. अंतरे गोळाबेरीज दिली आहेत.

- कंबरलंड ते फ्रॉस्टबर्ग : २५ कि.मी. सगळा चढ. वाटेचा बराच भाग वाफेच्या इंजिनाच्या पर्यटन रेल्वेशेजारून जातो.
- फ्रॉस्टबर्ग ते मायर्सडेल : २६ कि.मी. मेसन-डिक्सन रेषा, बिग सॅव्हेज बोगदा आणि पाणलोटाची उंच जागा याच टप्प्यात.
- मायर्सडेल ते रॉकवुड : १९ कि.मी. सॉल्झबरी पूल.
- रॉकवुड ते कॉन्फ्लुअन्स : २९ कि.मी. कॅसलमन नदीची दरी. मध्ये मार्कल्टन येथे गाडीरस्ता येऊन मिळतो.
- कॉन्फ्लुअन्स ते ओहायोपाइल : १७ कि.मी. सर्वात सुंदर आणि सर्वात सोपा टप्पा.
- ओहायोपाइल ते कॉनेल्सव्हिल : २७ कि.मी. दाट जंगल, मध्ये गाव नाही.
- कॉनेल्सव्हिल ते वेस्ट न्यूटन : ४० कि.मी. साधारण मध्यावर पेरीओपोलिस. पायी चालणाऱ्यांनी दोन दिवस धरावेत.
- वेस्ट न्यूटन ते मॅकीस्पोर्ट : २९ कि.मी.
- मॅकीस्पोर्ट ते पिट्सबर्ग : २९ कि.मी. जुने पोलाद कारखाने, शहरी भाग.

नदीचे नाव लिहिण्यात आणि बोलण्यात फार वेगळे आहे. स्थानिक लोक तिला 'यॉकागेनी' किंवा लाडाने नुसते 'यॉक' म्हणतात.

बघण्यासारख्या जागा

बिग सॅव्हेज बोगदा एक किलोमीटर लांब आहे. आत दिवे असतात, तरी स्वतःची विजेरी जवळ ठेवावी. आत उन्हाळ्यातही गार असते, म्हणून शाल किंवा स्वेटर हाताशी असावा. कंबरलंडकडच्या तोंडाशी उभे राहिले की खालच्या डोंगररांगा दूरवर दिसतात.

तिथून थोडे पुढे पाणलोटाची रेषा आहे. तिच्या पूर्वेला पडलेले पाणी पोटोमॅक नदीतून अटलांटिक महासागराला मिळते, तर पश्चिमेला पडलेले ओहायो आणि मिसिसिपी करत मेक्सिकोच्या आखाताला. आपल्याकडे महाबळेश्वरहून कृष्णा पूर्वेला आणि सावित्री पश्चिमेला जाते, तसेच हे. तिथे रस्त्याखालच्या छोट्या बोगद्यात सगळ्या मार्गाच्या चढ-उताराचा आलेख रंगवलेला आहे.

मेसन आणि डिक्सन या दोघांनी १७६३ ते १७६७ या काळात पेनसिल्व्हेनिया आणि मेरीलंड यांची सीमा आखली. पुढे गुलामगिरी असलेली आणि नसलेली राज्ये सांगताना याच रेषेचे नाव घेतले जाऊ लागले. वाटेवर तिची खूण केलेली आहे. नातवंडे बरोबर असतील तर इतिहासाचा अर्धा धडा तिथेच होतो.

मायर्सडेलच्या पुढचा सॉल्झबरी पूल १,९०८ फूट लांब आहे आणि खालून नदी, रेल्वे व महामार्ग तिन्ही जातात. कॉन्फ्लुअन्स या नावाचा अर्थच संगम. तिथे कॅसलमन नदी आणि लॉरेल हिल नावाचा ओढा यॉकला मिळतात. ओहायोपाइलला नदीचा धबधबा गावातच आहे. फ्रँक लॉइड राइट या वास्तुविशारदाने १९३० च्या दशकात धबधब्यावर बांधलेले 'फॉलिंगवॉटर' हे घर तिथून गाडीने दहा-पंधरा मिनिटांवर आहे. २०१९ मध्ये ते युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आले. त्याचे तिकीट आधी काढावे लागते.

आमची चूक

पहिल्या वर्षी मी कागदावर हिशोब केला तो असा : रस्ता सपाट, वेग ताशी चार किलोमीटर, म्हणजे रॉकवुड ते कॉन्फ्लुअन्स २९ किलोमीटर सव्वासात तासांत. सकाळी साडेआठला मुलाने रॉकवुडला सोडले आणि चार वाजता कॉन्फ्लुअन्सला घ्यायला येतो म्हणून सांगितले. सौ.ने अमेरिकेत घेतलेले नवे बूट पहिल्यांदाच दिवसभरासाठी घातले होते.

दहा किलोमीटरवर, मार्कल्टनपाशी, तिच्या दोन्ही टाचांना फोड आले. पुढे एकोणीस किलोमीटर होते. मोबाइल काढला तर सिग्नल नाही. मी आधी 'थोडं बसू, मग हळूहळू जाऊ' असे म्हणत होतो. ती शांतपणे म्हणाली, "अहो, मी इथून एक पाऊलही टाकणार नाही. तुम्हाला हिशोब पुरा करायचा असेल तर तुम्ही जा."

शेवटी सायकलवरून चाललेल्या एका नवराबायकोला थांबवले. मुलाचा नंबर चिठ्ठीवर लिहून दिला. त्यांनी कॉन्फ्लुअन्सला पोहोचून सिग्नल मिळताच त्याला फोन केला. तो येईपर्यंत आम्ही तीन तास गार वाऱ्यात बाकावर बसून होतो. वाईट काही झाले नाही, पण सौ.ला साखरेचा त्रास आहे आणि डबा सकाळीच अर्धा संपला होता. होऊ शकले असते.

माझ्या ताळ्यात तीन चुका होत्या. विश्रांतीचा वेळ धरला नव्हता, मधून बाहेर पडण्याची जागा ठरवली नव्हती आणि फोन चालेलच असे गृहीत धरले होते. दुसऱ्या वर्षी आम्ही कॉन्फ्लुअन्स ते ओहायोपाइल चाललो. सतरा किलोमीटर, सकाळी आठ ते दुपारी दोन, मध्ये चार थांबे. सौ. माझ्या पुढे होती.

रोज किती चालावे

साठीच्या पुढच्या, रोज फिरायला जाणाऱ्या माणसाने दिवसाला १५ ते १८ किलोमीटर धरावेत. थांबे, जेवण आणि फोटो धरून ताशी तीन किलोमीटर हा खरा वेग. यावरून तीन योजना करता येतात.

एक दिवसाची : कॉन्फ्लुअन्स ते ओहायोपाइल. घरचे कोणी एका टोकाला सोडणारे आणि दुसऱ्या टोकाला घेणारे असेल तर ही सर्वात सोयीची. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी हीच करावी.

चार दिवसांची : मायर्सडेल ते रॉकवुड, रॉकवुड ते मार्कल्टन, मार्कल्टन ते कॉन्फ्लुअन्स, कॉन्फ्लुअन्स ते ओहायोपाइल. एकूण सुमारे ६५ किलोमीटर. मार्कल्टनला मुक्कामाची सोय गृहीत धरू नये. तिथून गाडीने रॉकवुडला परत येऊन दुसऱ्या दिवशी तिथूनच पुढे सुरुवात करावी.

संपूर्ण मार्ग : पंधरा-सोळा दिवस, त्यात दोन दिवस विश्रांतीचे. कंबरलंडकडून निघाल्यास चढ पहिल्या दोन-तीन दिवसांत संपतो आणि पुढे सगळा उतार. पिट्सबर्गकडून निघाल्यास चढ इतका मंद की जाणवत नाही आणि शेवटचा दीड-दोन दिवसांचा टप्पा उताराचा. गुडघे कुरकुरत असतील त्यांनी कंबरलंडकडून निघावे, कारण लांब उतारापेक्षा मंद चढ गुडघ्यांना बरा.

आठ आठवड्यांची तयारी

ही तयारी जाण्याआधी बडोद्यातच करता येते. पहिले दोन आठवडे कमाटीबागेत रोज चार किलोमीटर. पुढचे दोन आठवडे सहा, आणि रविवारी दहा. पाचव्या आठवड्यापासून पाठीवर तीन किलोची पिशवी घेऊन चालावे. सातव्या आठवड्यात एकदा लागोपाठ दोन दिवस बारा-बारा किलोमीटर चालून पाहावे. दुसऱ्या दिवशी सकाळी पाय काय म्हणतात ते ऐकायचे, खरी परीक्षा तीच.

बूट जे घालून जायचे तेच या आठ आठवड्यांत वापरावेत. अर्धा नंबर मोठे घ्यावेत, कारण दिवसभर चालून पाय सुजतात. निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना एकदा विचारावे. प्रवासविमा घेताना आधीपासूनचे आजार त्यात धरले आहेत का, हे वाचून घ्यावे. तिकडचा दवाखाना विम्याशिवाय परवडण्यातला नाही.

पाणी, जेवण, राहणे

पाणी गावातच भरून घ्यावे. दोन गावांच्या मध्ये मिळेल असे समजू नये. माणशी दोन लिटर बरोबर असावे. नदीचे पाणी पिऊ नये. शौचालये रस्ता सुरू होण्याच्या जागांवर असतात, पण मध्ये पंधरा-वीस किलोमीटर काही नसते. ज्यांना वारंवार जावे लागते त्यांनी हे आधीच लक्षात घ्यावे.

छोट्या गावांतल्या खानावळींत शाकाहारी माणसाला चीज पिझ्झा, बटाटा, सॅलड आणि अंडी एवढाच आधार. दुपारचे जेवण बरोबर न्यावे हे उत्तम. थेपले तीन दिवस टिकतात. खाकरा, चिवडा, गुळाची चिक्की, खजूर, लिंबाचे लोणचे. रात्री खोलीत गरम पाणी मिळते, त्यात मेतकूट-भात होत नाही पण उपम्याचे तयार पाकीट होते. साखरेच्या गोळ्या घेणाऱ्यांनी दर दीड तासाला काहीतरी खावे आणि ग्लुकोज खिशातच ठेवावे, पिशवीच्या तळाशी नाही.

राहण्यासाठी गावांत घरगुती खोल्या, छोटी हॉटेले आणि तंबूच्या जागा आहेत. काही सेवादार एका गावातून पुढच्या गावी सामान पोहोचवतात आणि प्रवाशांनाही नेतात. सामान असे पुढे पाठवले तर पाठीवर फक्त दिवसाची पिशवी राहते. आपल्या वयाला हा खर्च वाजवी आहे.

दिवसाच्या पिशवीत काय असावे

- पाणी, डबा, ग्लुकोज.
- औषधे दोन दिवस जास्तीची, आणि त्यांची यादी कागदावर.
- पायमोज्यांचा दुसरा जोड, फोडांवर लावायच्या पट्ट्या, पेट्रोलियम जेली.
- पावसाचे हलके जाकीट, स्वेटर, नारिंगी टोपी.
- विजेरी, शिट्टी, छोटा चिमटा.
- छापील नकाशा. फोनवरचा नकाशाही घरीच उतरवून ठेवावा.
- चिठ्ठी : स्वतःचे नाव, मुलाचा फोन, विमा क्रमांक.

दर पाच किलोमीटरला बसून बूट आणि मोजे काढावेत, पाय कोरडे करावेत. टाच किंवा बोट गरम लागले की तिथेच पट्टी लावावी, फोड येण्याची वाट पाहू नये.

वाटेवरचे नियम व धोके

आपल्याला डावीकडून चालायची सवय, तिकडे उजवीकडून. मागून येणारा सायकलस्वार घंटा वाजवतो किंवा "ऑन युवर लेफ्ट" असे म्हणतो. याचा अर्थ 'मी तुमच्या डावीकडून पुढे जातो आहे, तुम्ही उजवीकडेच राहा.' मी पहिल्यांदा 'लेफ्ट' ऐकून झटकन डावीकडे सरकलो आणि सायकलवाला गवतात गेला. तो हसला, पण प्रत्येकजण हसेलच असे नाही. चौघे-पाच जण असाल तर पंगत करून चालू नये.

जंगलात हरणांवरच्या बारीक गोचिडी असतात आणि त्यांच्यापासून लाइम हा आजार होतो. पेनसिल्व्हेनियात त्याचे रुग्ण बरेच आढळतात. लांब विजार घालावी, गवतात बसू नये आणि संध्याकाळी अंघोळीच्या वेळी सगळे अंग तपासावे. गोचीड दिसल्यास चिमट्याने त्वचेजवळ धरून सरळ ओढावी. नंतर ताप किंवा लाल चकंदळ आल्यास डॉक्टरांना 'गोचीड चावली होती' हे आवर्जून सांगावे. तीन-तीन पानांची पॉयझन आयव्ही ही वेल कडेला दिसते, तिला हात लावल्यास अंगावर पुरळ उठते. साप आणि काळी अस्वले या भागात आहेत. वाट सोडून आत जाऊ नये, एवढी काळजी पुरे.

तातडीच्या वेळी ९११ हा नंबर. जागा सांगताना जवळच्या मैलाच्या दगडाचा आकडा सांगावा, म्हणून येता-जाता दगड वाचत जायची सवय ठेवावी. सिग्नल नसलेल्या जागी थांबावे आणि येणाऱ्या माणसाकडे निरोप द्यावा. या वाटेवरचे लोक मदत करतात, हा आमचा अनुभव.

घरी एक कागद ठेवून जावे : कुठून निघणार, कुठे पोहोचणार, मध्ये कोणत्या ठिकाणी गाडी येऊ शकते, आणि किती वाजेपर्यंत निरोप आला नाही तर शोध सुरू करायचा.

कसे पोहोचावे

वॉशिंग्टनच्या परिसरातून कंबरलंड गाडीने अडीच तासांच्या आसपास. शिकागो ते वॉशिंग्टन मार्गावरची ॲमट्रॅकची गाडी दिवसातून एकदा प्रत्येक दिशेने धावते आणि पिट्सबर्ग, कॉनेल्सव्हिल व कंबरलंड तिन्ही ठिकाणी थांबते. म्हणजे चालत जाऊन रेल्वेने परत येता येते. मात्र पिट्सबर्गला तिच्या वेळा मध्यरात्र आणि पहाटेच्या आहेत. मुक्काम त्याप्रमाणे ठरवावा आणि वेळापत्रक निघण्याआधी पुन्हा पाहावे. पिट्सबर्गजवळ पेन हिल्स येथे श्री वेंकटेश्वराचे प्रसिद्ध मंदिर आहे. आपल्यापैकी अनेकजण तिथे दर्शनाला जातातच, त्याला जोडून एक दिवस ओहायोपाइलसाठी ठेवता येईल.

आपल्याकडे

हे वाचून कोणाला दूधसागरच्या रुळांवरून चालत जाण्याची आठवण होईल. ते करू नये. तो चालू मार्ग आहे, रुळांवरून चालणे रेल्वे कायद्याने गुन्हा आहे आणि बोगद्यात गाडी आली तर बाजूला व्हायला जागा नाही.

आपण मराठी मंडळी ज्या गावांत पिढ्यानपिढ्या राहिलो, तिथे संस्थानिकांनी रेल्वे आणल्या होत्या. डभोई ते मियागाम ही गायकवाडांची छोटी गाडी १८६२ मध्ये सुरू झाली तेव्हा तिला बैल जुंपत. ग्वाल्हेरला शिंद्यांची दोन फुटी गाडी श्योपूरपर्यंत सुमारे दोनशे किलोमीटर जाई. ती २०२० मध्ये रुंदीकरणासाठी थांबली. इंदूरजवळ पातालपाणी ते कालाकुंड हा मीटरगेजचा घाट पर्यटन गाडीसाठी राखला आहे. जिथे मोठी लाइन आली तिथे चांगलेच झाले. पण रुंदीकरणात वळणे सरळ होतात, नवा मार्ग बाजूने जातो, आणि जुना भराव, जुने दगडी पूल, एखादे रिकामे स्टेशन मागे राहते. अशा पट्ट्यावर दहा वर्षांत काय उभे राहते ते आपण सर्वांनी पाहिले आहे.

ओहायोपाइलची वाट पहिल्या दिवशी २४० किलोमीटरांची नव्हती. जमीन सलग राहिली म्हणून ती होऊ शकली. आपल्या गावाजवळ असा सोडून दिलेला पट्टा कोणाला ठाऊक असेल तर त्याची नोंद, जुने फोटो आणि कोणत्या गावापासून कोणत्या गावापर्यंत तो आहे, एवढी माहिती मंडळाकडे द्यावी. निदान यादी तरी तयार होईल.

आणि या वर्षी कोणी तिकडे जाणार असतील तर रविवारी सकाळी मंडळाच्या ग्रंथालयात भेटावे. मी तिथे असतो. छापील नकाशा दाखवता येईल. बुटांविषयी मात्र सौ.ला विचारावे.